फोटो मागितला, स्पेक्ट्रम मिळाला: इंदूरच्या एका एमएस्सी प्रोजेक्टचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इंदूरच्या एका कॉलेजातली फिजिक्सची एमएस्सी, शेवटचं सेमिस्टर, एक विद्यार्थिनी, एक गाईड मॅडम, आणि बाजूला बसून फुकटचे सल्ले द्यायला मी, म्हणजे ऑप्टिक्सच्या कामातून रिटायर झालेला माणूस. मॅडमच्या घरचं आणि आमचं जुनं जाणं-येणं, त्यामुळे "काका, जरा बघता का हे" असा फोन आला की नाही म्हणता येत नाही. नावं, कॉलेज, वर्ष सगळं मुद्दाम गाळलंय. हे लिहितोय कारण अशा प्रोजेक्टमध्ये निर्णय कुठे कुठे घ्यावे लागतात ते कोणी लिहून ठेवत नाही, फायनल रिपोर्टमध्ये सगळं आधीपासून ठरलेलंच होतं असं वाटतं.

विषय निघाला एका चित्रावरून. एचडी १६३२९६ नावाचा तारा आहे, धनु राशीत, साधारण ३३० प्रकाशवर्षं लांब, सातव्या प्रतीच्या जवळपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी नाही पण साध्या बायनॉक्युलरमधून दिसतो. जूनमध्ये मध्यरात्रीच्या सुमाराला इंदूरहून दक्षिणेला साधारण ४५ अंशांवर येतो, आणि तेव्हाच नेमके ढग येतात, ते सोडा. तारा तरुण आहे, वस्तुमान सूर्याच्या दुपटीच्या आसपास, आणि भोवती धुळीची नि वायूची तबकडी आहे ज्यात ग्रह तयार होत असावेत असं मानतात. चिलीमधल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या संचाने मिलिमीटर लहरींत या तबकडीचं जे चित्र काढलंय ते फार सुंदर आहे, स्वच्छ एकात एक कडी. ते मुलीने बघितलं आणि तिला वाटलं की आतलं पण असंच बघायचं.

तिचा विचार चुकीचा नव्हता, उलट चांगला होता. अल्माला दिसते ती मुख्यतः बाहेरची थंड धूळ, ती कडी ताऱ्यापासून दहा-वीस नाही तर पन्नास-शंभर खगोलीय एककांवर आहेत (पृथ्वी ते सूर्य हे अंतर म्हणजे एक एकक). पृथ्वीसारखे ग्रह जिथे बनतील तो भाग एक-दोन एककांवरचा, तिथली धूळ काहीशे केल्विन तापमानाची, आणि एवढी गरम वस्तू सगळ्यात जास्त चमकते ती १० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिड-इन्फ्रारेडमध्ये. पृथ्वीच्या वातावरणाला ८ ते १३ मायक्रॉनच्या दरम्यान एक खिडकी आहे, एन बँड म्हणतात तिला, त्यातून हा प्रकाश खाली पोचतो.

आता एवढं बारीक बघायचं कसं? जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीचा आरसा ६.५ मीटरचा. १० मायक्रॉनला ६.५ मीटरने भागलं की साधारण ०.३ आर्कसेकंद येतात, आणि या ताऱ्याच्या अंतरावर त्याचे होतात ३० एककांच्या वर. म्हणजे वेबसाठी हा सगळा आतला भाग एक ठिपका. तेच चिलीत पारानाल डोंगरावर व्हीएलटीच्या (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) ८.२ मीटरच्या दोन दुर्बिणी घेतल्या, १०० मीटर अंतरावरच्या, दोन्हींचा प्रकाश जमिनीखालच्या बोगद्यातल्या रुळांवर फिरणाऱ्या आरशांवरून लांबी जुळवून एकत्र आणला, की ०.०२ आर्कसेकंद मिळतात, म्हणजे दोन एकक. असा प्रकाश जोडण्याला इंटरफेरोमेट्री म्हणतात, आणि मिड-इन्फ्रारेडमध्ये तिचं सगळं महत्त्व या एका भागाकारात आहे.

पारानालवर हे काम करणारं उपकरण होतं मिडी. डिसेंबर २००२ मध्ये त्याच्या पहिल्या फ्रिंजेस, म्हणजे दोन दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आला की पडणारे उजेड-अंधाराचे पट्टे, मिळाल्या, २०१५ मध्ये ते निवृत्त झालं, आणि त्याचा डेटा युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या अर्काइव्हमध्ये कोणालाही मोफत मिळतो. फ्री डेटा, सुंदर तारा, चांगला प्रश्न. सिनॉप्सिसवर टायटल गेलं: तरुण ताऱ्याच्या तबकडीच्या आतल्या भागाचं मिड-इन्फ्रारेड इमेजिंग. कमिटीने मंजूरही केलं, कमिटीत कोणी खगोलवाला नव्हता.

अडचण

दिवाळीनंतर मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. "काका, डेटा डाउनलोड करून राहिलेय, पण यात फोटो कुठंय?"

फोटो नव्हताच. मिडी एका वेळी फक्त दोन दुर्बिणींचा प्रकाश जोडायचं. दोन दुर्बिणींतून मिळतो फ्रिंजचा कॉन्ट्रास्ट, ज्याला व्हिजिबिलिटी म्हणतात, प्रत्येक लहरलांबीला एक आकडा. वस्तू ठिपक्याएवढी असेल तर कॉन्ट्रास्ट पूर्ण, पसरलेली असेल तर कमी. दुसऱ्या रात्री दुसरी जोडी, दुसरा कोन, अजून काही आकडे. चित्र बनवायला असे पुष्कळ बिंदू वेगवेगळ्या लांबीचे आणि दिशांचे लागतात, आणि शिवाय फेज लागतो, म्हणजे फ्रिंज नक्की कुठे पडली ते, आणि तो फेज वातावरण पार घुसळून टाकतं. तीन किंवा जास्त दुर्बिणी असतील तर तिघांचे फेज त्रिकोणात मिळवून वातावरणाची गडबड आपोआप कटते, त्याला क्लोजर फेज म्हणतात, रेडिओवाल्यांची १९५८ पासूनची युक्ती आहे. पण मिडीत तिसरी दुर्बीण नाही, म्हणून त्रिकोण नाही, म्हणून क्लोजर फेज नाही.

मी तिला सांगितलं की महेश्वरी साडीतले चार धागे ओढून हातात दिले तर जर कुठला आणि सूत कुठलं हे तू सांगशील, पण काठाचं डिझाईन काढून दाखव म्हटलं तर कसं दाखवशील? तिने विचार करून विचारलं, मग धाग्यांवरूनच काही लिहिता येईल का. पुढचा सगळा प्रोजेक्ट या प्रश्नातून निघाला असं मी म्हणेन, आणि याचं श्रेय तिचं आहे.

पण टायटल गेलेलं होतं, सबमिशन मार्चमध्ये रंगपंचमीच्या आसपास, आणि मॅडमना काळजी की टायटल बदललं तर ऑफिसमध्ये अर्ज-विनंत्या-सह्या, हे सगळं परत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे विषय सोडायचा आणि अल्माचाच डेटा घ्यायचा. चित्र मिळालं असतं, नक्कीच, पण अल्माच्या फाईली प्रचंड मोठ्या, कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर त्या उघडल्याही नसत्या, आणि ते चित्र आधीच जगाने बघितलंय.

दुसरा पर्याय जरा धोक्याचा, पण मोहाचा: इमेज रिकन्स्ट्रक्शनचं सॉफ्टवेअर आहे, त्यात थोडे बिंदू टाकले तरी ते काहीतरी चित्र देतंच. मुलीने प्रयोग म्हणून एकदा चालवून बघितलं आणि खरंच एक कडं आलं, मधे अंधार, अल्मासारखंच. मॅडम खूष. मी विचारलं की सुरुवातीचा अंदाज काय दिला होतास, तर दिलं होतं कडंच. मग म्हटलं आता सुरुवात भरीव चकतीने करून बघ. केली, तर भरीव चकती परत आली. म्हणजे डेटा गप्प होता आणि सॉफ्टवेअर तिनेच दिलेलं परत करत होतं. हा पर्याय तिथेच संपला, आणि बरं झालं लवकर संपला. यावर वाद झाला नाही असं नाही, कारण व्हायवात रंगीत चित्र असलं की वजन पडतं हे मॅडमचं म्हणणं खोटं नाही, पण तीन महिन्यांनी कोणी विचारलं असतं की हे कडं खरं आहे का, तर उत्तर नव्हतं.

तिसरा: चित्र नको, साधं भूमितीचं मॉडेल बसवायचं. गॉशियन ठिपका (मधे उजळ, कडेकडे मंद होत जाणारा), एकसारखी चकती, कडं, यातलं कुठलं आकड्यांत बसतं आणि केवढ्या आकाराचं. हे करण्यासारखं होतं, पण एक गोची अशी की छोट्या बेसलाईनवर, म्हणजे दोन दुर्बिणींमधलं अंतर कमी असताना, हे तिन्ही जवळपास सारखेच दिसतात, फरक कळायला लांब बेसलाईनचे बिंदू हवेत आणि तेच कमी होते.

चौथा पर्याय मुलीच्या धाग्यांच्या प्रश्नातून आला. मिडी नुसता एक आकडा देत नाही, ८ ते १३ मायक्रॉनच्या प्रत्येक लहरलांबीला देतो. जो प्रकाश दुर्बिणींच्या जोडीला फ्रिंज देतो, म्हणजे कोरिलेटेड फ्लक्स, तो बहुतेक सगळा आतल्या घट्ट भागातला. पसरलेल्या बाहेरच्या भागाचा प्रकाश फ्रिंजमध्ये धुऊन निघतो. मग कोरिलेटेड फ्लक्सचा स्पेक्ट्रम (कुठल्या लहरलांबीला किती प्रकाश याचा आलेख) म्हणजे आतल्या धुळीचा स्पेक्ट्रम, आणि एकूण फ्लक्समधून, म्हणजे सगळ्या प्रकाशातून, तो वजा केला की बाहेरच्या धुळीचा. चित्र न काढता विचारता येतं की आतली धूळ आणि बाहेरची धूळ एकाच मालाची आहे का.

नवीन कल्पना नव्हती ही. २००४ मध्ये नेचरमध्ये नेमकं हेच काम छापलं गेलं होतं, तीन ताऱ्यांवर, आणि त्या तिनांत आपला एचडी १६३२९६ होता. त्यात निघालं की आतल्या दोन एककांतली सिलिकेट धूळ बाहेरच्या मानाने खूप जास्त स्फटिकरूप आहे. म्हणजे मुलीचं काम शोध नव्हे, पडताळणी. मॅडमना सुरुवातीला हे जरा कमीपणाचं वाटलं. मला वाटतं एमएस्सीला एखादी जुनी गोष्ट स्वतःच्या हाताने खरी ठरवून बघणं यापेक्षा चांगलं काम नाही, पण हे माझं मत झालं.

स्फटिकांचं एवढं कौतुक का, ते थोडं सांगतो कारण मला यातलं हेच सगळ्यात आवडलं. ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतली सिलिकेट धूळ जवळपास सगळी काचेसारखी, अव्यवस्थित. तिचे स्फटिक व्हायला ती हजार केल्विनच्या आसपास तापावी लागते, म्हणजे ताऱ्याच्या जवळच. पण धूमकेतू तर थंड जागी बनतात, आणि १९९७ चा हेल-बॉप, जो आमच्या पिढीने गच्चीवर उभं राहून बघितलाय, त्याच्या इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये फोर्स्टराईट या सिलिकेट खनिजाचे स्फटिक चक्क दिसले होते. मग भट्टीत भाजलेला माल थंड कोपऱ्यात पोचला कसा? तबकडीत धूळ आतून बाहेर वाहून जाते का? हे कळायला आधी माहीत हवं की स्फटिक आत किती आणि बाहेर किती, आणि ते एकट्या दुर्बिणीला वेगळं करून दाखवता येत नाही, सगळं एकातच मिसळून येतं.

चौथा पर्याय ठरला, तिसरा जोडीला ठेवला. टायटलमधून इमेजिंग काढायचा अर्ज मॅडमनी केला, ऑफिसमध्ये दोन-चार चकरा झाल्या, झालं.

काय केलं, आणि कुठे थांबून विचार करावा लागला

पहिला थांबा सॉफ्टवेअरचा. मिडीचा कच्चा डेटा सोडवायचं प्रचलित पॅकेज आयडीएल नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं, आणि आयडीएलचं लायसन्स विकत घ्यावं लागतं, ते कॉलेजकडे नाही. पायरेटेड कॉपी कोणीतरी देऊ केली होती, मॅडमनी सरळ नाही सांगितलं. मग रस्ता निघाला असा की तरुण ताऱ्यांच्या मिडी निरीक्षणांचा एक मोठा अॅटलस २०१८ मध्ये प्रसिद्ध झालाय, ८२ वस्तूंचा, आणि त्यातला कॅलिब्रेट केलेला डेटा उघड ठेवलाय. तो घेतला. याचा तोटा असा की कच्च्यापासून पक्क्यापर्यंतची प्रोसेस मुलीने स्वतः केली नाही, आणि हे रिपोर्टमध्ये पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहायचं ठरलं. फायदा असा की दोन महिने वाचले.

दुसरा थांबा जास्त महत्त्वाचा: व्हिजिबिलिटी वापरायची की कोरिलेटेड फ्लक्स. व्हिजिबिलिटी म्हणजे कोरिलेटेड भागिले एकूण. ऐकायला सरळ, पण १० मायक्रॉनला खरा त्रास एकूण फ्लक्समध्ये असतो. आपल्या खोलीच्या तापमानाच्या सगळ्याच गोष्टी, दुर्बीण, आरसे, आकाश, १० मायक्रॉनलाच सगळ्यात जास्त चमकतात, आणि ही चमक ताऱ्याच्या प्रकाशाच्या हजारो पट असते. ती काढायला दुर्बिणीचा छोटा आरसा डोलवत तारा-आकाश-तारा-आकाश असं बघत वजाबाकी करतात, तरी कचरा उरतोच. फ्रिंज मात्र हलती असते, पार्श्वभूमीची चमक फ्रिंज देत नाही, म्हणून कोरिलेटेड फ्लक्स त्यामानाने स्वच्छ निघतो. मुलीला भागाकार हवा होता कारण पुस्तकात तसं आहे. मी म्हटलं स्वच्छ आकड्याला घाण आकड्याने का भागतेस? शेवटी मुख्य विश्लेषण कोरिलेटेड फ्लक्सवर, आणि व्हिजिबिलिटी फक्त आकाराच्या अंदाजासाठी, अशी विभागणी झाली.

तिसरा थांबा म्हणजे ओझोन. एकूण फ्लक्सच्या स्पेक्ट्रममध्ये ९.६ मायक्रॉनजवळ एक वाकडेपणा दिसला आणि मुलगी उत्साहात, सिलिकेटचं शिखर तर ९.८ च्या जवळच असतं ना. पण ९.६ ला आपल्याच वातावरणातला ओझोन शोषण करतो, एन बँडच्या बरोब्बर मधे येऊन बसलाय तो. मग तिने त्या पट्ट्यातल्या एरर बार मोठ्या केल्या आणि मॉडेल बसवताना त्या भागाला वजन कमी दिलं. पूर्ण काढून टाकायचा का यावर चर्चा झाली, पण काढला तर सिलिकेटचं शिखरच अर्धं जातं.

चौथ्या थांब्याला खरी परीक्षा झाली. एका रात्रीचे बिंदू बाकीच्यांशी जुळेनात. तीन रात्री एका रेषेत आणि ही चौथी भलतीकडे. ती रात्र काढली की मॉडेल छान बसत होतं. मॅडम म्हणाल्या काढून टाक. मुलगी म्हणाली, "पण मॅडम, बसत नाही म्हणून काढली असं कसं लिहू?" मला तर उठून टाळी द्यावीशी वाटली. मग असं ठरलं की आधी नियम लिहायचा, नंतर रात्र बघायची: निरीक्षणाच्या आगेमागे कॅलिब्रेटर तारा (आधीच नीट माहीत असलेला, मोजमाप तपासायला वापरतात तो) बघितलाय का, आणि त्या रात्रीचे कॅलिब्रेटर आपसात किती जुळतात. नियम सगळ्या रात्रींना लावला. ती चौथी रात्र नियमात नापास झालीच, पण गंमत म्हणजे जुळणाऱ्या तिनांपैकी एक पण नापास झाली. दोन्ही काढल्या. हातात कमी राहिलं, पण जे राहिलं त्याचं कारण सांगता येत होतं.

याच्याच जोडीने अजून एक भानगड. मिडीचा डेटा दहा-बारा वर्षांत पसरलेला आहे, आणि हा तारा बदलतो. वेगवेगळ्या वर्षांचे बिंदू एका मॉडेलमध्ये टाकले तर आपण स्थिर वस्तू बघतोय असं गृहीत धरतो, जे खरं नसेलही. म्हणून स्पेक्ट्रमची तुलना तिने जवळच्या काळातल्या निरीक्षणांपुरतीच ठेवली आणि आकाराचं मॉडेल सगळ्यांवर पण सावधपणे.

पाचवा थांबा: असमानता. एका दिशेच्या बेसलाईनवर व्हिजिबिलिटी जास्त, दुसऱ्या दिशेला कमी. मुलीने ड्राफ्टमध्ये लिहिलं की तबकडी एका बाजूला जास्त उजळ आहे. आता इथे नीट बघायला लागतं. गोल तबकडी तिरकी बघितली की लंबगोल दिसते, आणि या ताऱ्याची तबकडी आपल्याकडून ४५ अंशांच्या जवळपास कललेली आहे हे अल्मावरून माहीतच आहे. लंबगोल असणं वेगळं आणि एका बाजूला उजळ असणं वेगळं. आणि फेजशिवाय नुसत्या व्हिजिबिलिटीला चित्र १८० अंश फिरवलं तरी काही कळत नाही, डावी बाजू उजळ की उजवी हे ती सांगूच शकत नाही. तिने कललेलं मॉडेल लावलं आणि फरक बराचसा तिथेच मिटला. ते वाक्य गेलं.

यात थोडी गंमत अशी की असमानता खरंच आहे. मिडीच्या जागी आलेलं मॅटीस, ज्याचा पहिला प्रकाश २०१८ चा, चार दुर्बिणी एकत्र जोडतं, एका वेळी सहा बेसलाईन आणि क्लोजर फेज सुद्धा, शिवाय एन बँडबरोबर ३ ते ५ मायक्रॉनचे एल आणि एम बँड. २०२१ मध्ये त्याच्या एल बँडच्या डेटातून याच ताऱ्याभोवती साधारण एक तृतीयांश एककावर, म्हणजे बुधाच्या कक्षेच्या आसपासच्या अंतरावर, एका बाजूला उजळलेली रचना दाखवली गेली आणि तिथे धुळीचा भोवरा असू शकेल असं सुचवलं गेलं. मुलीने हा पेपर वाचला आणि तिची पहिली प्रतिक्रिया "म्हणजे माझं बरोबरच होतं की". नाही. उत्तर बरोबर निघालं म्हणून तिच्या डेटातून ते निघत होतं असं होत नाही. हे पटायला दोन पोह्यांच्या प्लेटी लागल्या.

निकाल

आतला आणि बाहेरचा स्पेक्ट्रम वेगळा निघाला. बाहेरच्यात सिलिकेटचा फुगवटा टोकदार, नेहमीच्या बारीक अव्यवस्थित धुळीसारखा. आतल्यात तो पसरट, आणि ११.३ मायक्रॉनच्या बाजूला उचललेला, जिथे स्फटिकी ऑलिव्हिनची (फोर्स्टराईट त्यातलाच) खूण असते. २००४ च्या कामाशी दिशा जुळली. आकाराचा आकडाही छापील मर्यादांत बसला, पण गॉशियन की कडं हे तिच्या डेटातून ठरलं नाही आणि तसंच लिहिलं.

स्फटिकांचं प्रमाण किती टक्के ते मात्र तिने दिलं नाही. याची दोन कारणं लिहिली. पहिलं, धुळीचे कण मोठे झाले तरी फुगवटा असाच पसरट होतो, त्यामुळे कणांचा आकार आणि स्फटिक हे एकमेकांत गुंततात, आणि वेगळे करायला तिच्याकडे होतं त्याहून चांगलं सिग्नल हवं. दुसरं, ११.३ लाच पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन या कार्बनच्या रेणूंचीही एक रेषा येते. यावर तिचा युक्तिवाद मला आवडला: ते रेणू बहुधा पसरलेल्या भागात चमकतात, तेव्हा ती रेषा फ्रिंजमध्ये धुऊन निघायला हवी, पण इथे उचलणं आतल्याच स्पेक्ट्रममध्ये दिसतंय, म्हणजे स्फटिकांची बाजू जड. पुरावा नाही, पण युक्तिवाद चांगला.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक रेडिओ खगोलशास्त्राचे होते, पुण्याजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण वापरलेले. म्हणजे तीस अँटेनांचे सवयीचे, त्यांना दोन दुर्बिणींची दया आली असावी. त्यांनी विचारलं की एवढ्या खटाटोपाचा धुळीच्या तबकड्या सोडून उपयोग काय. मुलीची तयारी होती. तिने सांगितलं की एनजीसी १०६८ या आकाशगंगेच्या मध्यातल्या कृष्णविवराभोवती काही प्रकाशवर्षं आकाराची गरम धुळीची रचना मिडीने २००४ मध्येच मोजली, आणि २०२२ मध्ये मॅटीसने दाखवलं की धुळीचं जाड कडं विवराला आपल्या नजरेआड ठेवतं. सर्सिनस आकाशगंगेत मात्र धूळ ध्रुवांच्या दिशेनेही लांबलेली सापडली, जी सरळ गोल मेदूवड्याच्या मॉडेलमध्ये बसत नाही. बार्बरा नावाच्या लघुग्रहात मिडीला साधारण ३७ आणि २१ किलोमीटरचे दोन भाग दिसले. अॅरिझोनात लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपचे ८.४ मीटरचे दोन आरसे एकमेकांविरुद्ध जोडून ताऱ्याचा प्रकाश मारून टाकतात आणि भोवतीची राशीप्रकाशासारखी मंद धूळ मोजतात, कारण उद्या पृथ्वीसारखा ग्रह बघायचा तर ही धूळ आधी आड येणार.

मग परीक्षकांनी विचारलं की रेडिओसारखं प्रत्येक दुर्बिणीवर सिग्नल आधी विजेत बदलून मग का जोडत नाही? हा प्रश्न माझ्या आवडीचा, मी बाहेर बसलो होतो आणि नंतर कळलं. तसं केलेलं आहे. माउंट विल्सनवर चार्ल्स टाऊन्सनी, तेच लेसर-मेसरसाठी १९६४ चं नोबेल मिळालेले, ११ मायक्रॉनला कार्बन डायऑक्साइड लेसरबरोबर ताऱ्याचा प्रकाश मिसळून अगदी रेडिओसारखा इंटरफेरोमीटर चालवला. त्याच्याने काक्षी, म्हणजे बीटलज्यूज, १९९३ ते २००९ मध्ये १५ टक्क्यांनी लहान झाल्याचं मोजलं होतं. पण अशा पद्धतीत लहरींचा फार अरुंद पट्टा वापरता येतो, त्यामुळे फक्त तेजस्वी तारेच. इंदूरात कार्बन डायऑक्साइड लेसर म्हटलं की लोकांना इथलं लेसर संशोधनाचं राजा रामण्णा केंद्र आठवतं, ताऱ्याचा आकार मोजायला पण तो चालतो हे लॅबमधल्या पोरांना सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात. मुलीने यातलं अर्धं सांगितलं, अरुंद पट्ट्याचं राहिलं, परीक्षकांनीच पूर्ण केलं.

मार्क चांगले मिळाले, सगळ्यात वरचे नाही. रिपोर्टमध्ये रंगीत चित्र नाही यावर कमिटीतल्या एकांनी शेरा मारला. पेपर छापण्याजोगं काम नव्हतं आणि तसा आव आणला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

टायटल द्यायच्या आधी दोन गोष्टी एका दुपारीत होण्यासारख्या होत्या. एक तो भागाकार, लहरलांबी भागिले बेसलाईन गुणिले अंतर, आणि दुसरं म्हणजे त्या ताऱ्याची सगळी निरीक्षणं कुठल्या लांबीची आणि कोनांची आहेत त्याचा नकाशा. फ्रान्समधल्या गटाचं अॅस्प्रो नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठीच आहे. तो नकाशा कमिटीसमोर ठेवला असता तर खगोलातलं काही न कळणाऱ्यालाही दिसलं असतं की पान जवळपास कोरं आहे.

दुसरं, मिडीच्या ऐवजी सरळ मॅटीसचा डेटा घ्यायचा का, हे आम्ही नीट तोललंच नाही. एक वर्ष झालं की तोही उघड होतो, क्लोजर फेज मिळतो, कच्चा डेटा सोडवायला आयडीएल लागत नाही. पण मला अजूनही वाटतं की एका सेमिस्टरसाठी मिडी बरा. आकडे कमी, प्रत्येक आकड्याशी ओळख होते. मॅडमचं मत उलट आहे, त्या म्हणतात पुढच्या विद्यार्थ्याला मॅटीसच द्यायचा, आणि ठरवणार त्याच.

तिसरं, रात्री गाळायचा नियम सुरुवातीलाच लिहायला हवा होता, भांडण झाल्यावर नाही. आमच्या बाबतीत मुलीने हट्ट केला म्हणून निभावलं. पुढच्या वेळी तो मॅडमच्या प्रोजेक्ट फॉर्मवर दुसऱ्या पानावर येणार आहे, सहीसकट, आणि त्याखाली एक ओळ अजून: सुरुवातीचा अंदाज बदलून चित्र परत काढून बघितलं का, हो की नाही.

मुलगी सध्या नेटची तयारी करतेय. आतला स्पेक्ट्रम म्हणजे काटेकोरपणे फक्त आतला नव्हे, बेसलाईन बदलली की आतची व्याख्या बदलते, हे तिने व्हायवानंतर स्वतःहून मला मेल करून लिहिलं, आणि त्या मेलला जोडून तीन वेगवेगळ्या बेसलाईनचे स्पेक्ट्रम एकावर एक काढलेला प्लॉट होता. सगळ्यात लांब बेसलाईनला ११.३ चं उचलणं सगळ्यात जास्त आहे. मॅडम म्हणताहेत हा प्लॉट रिपोर्टमध्ये हवा होता.